भाकड म्हैस विकताना: कागद, बाजार आणि रस्ता

दुधाचा धंदा करणाऱ्या आजूबाजूच्या गावांतल्या बाया मला बरेचदा विचारतात की ताई तुम्ही तुमची भाकड म्हैस भुरी विकली तेव्हा कागद काय काय लागले, आणि रस्त्यात गाडी अडवली होती म्हणे, मग कशी सुटली. प्रत्येकीला फोनवर सांगणं होत नाही म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. एक आधीच सांगते, यात मी काही झाकून ठेवणार नाही. भाकड म्हैस कुठे जाते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते, पण "व्यापाऱ्याला दिली" एवढंच सगळे म्हणतात आणि विषय बदलतात. ती कापायला जाते. माझीही तिथंच गेली.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. बोअर मारला तर खारं पाणी लागते, ओलीत नाही, कापूस तूर हरभरा निघाला की शेत मोकळं, मग घर चालते ते दुधावर. मिस्टर जिनिंगवर कामाला जातात, म्हशींचं सगळं मी पाहते, माझ्या आधी मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाहायचे. भुरी म्हणजे आमच्याकडची पूर्णाथडी. अंगानं फिक्कट, उन्हात तर जवळजवळ पांढरीच दिसायची, शिंगं लांब आणि मागे खांद्याकडे वळलेली. बाहेरच्या माणसाला पटकन ही म्हैस वाटतच नाही कारण म्हैस म्हणजे काळीच असं डोक्यात बसलेलं असते. आता ती वेगळी जात म्हणून सरकारी नोंदीत आली आहे, पण पूर्णाकाठी पिढ्यानपिढ्या हीच म्हैस आहे. मुऱ्हा जातीच्या म्हशीइतकं दूध देत नाही, पण फॅट चांगली लागते, आणि ऊन, खारं पाणी, नुसतं कुटार, सगळं काढून नेते. रंगाचं एवढं का सांगते आहे ते पुढे येईल.

सहाव्या वेताला तिला दगडी झाली. सकाळी सड दाबला तर दुधाच्या जागी पिवळसर पाणी आणि गाठी. इंजेक्शनं झाली, सडात ट्यूबा सोडल्या, दोन सड गेले ते गेलेच. उरलेल्या दोघांवर वासरापुरतं दूध. मग म्हटलं पुढच्या वेताला सुधारेल, तर ती गाभणच राहीना, भरवली की उलटायची, पुन्हा माजावर यायची, पुन्हा भरवायची. शेवटी डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि म्हणाले आता हिच्यावर खर्च करू नका. 

आता भाकड म्हैस घरी ठेवायची म्हणजे काय ते ज्याच्या दावणीला आहे त्यालाच कळते. कुटार घरचं असलं तरी ते दुसऱ्या म्हशीच्या तोंडचं असते. सरकी ढेपेचं पोतं दोन हजाराच्या घरात. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसाला पाणी टँकरचं, तिथं म्हशीला पाजायचं आणि वरून अंगावर टाकायचं पण, कारण म्हशीला ऊन सोसत नाही, गायीसारखं तिला घाम येऊन अंग थंड होत नाही. शेण मिळते हो, पण शेणावर ढेप येत नाही. आणि मरेपर्यंत ठेवली तरी पुढे काय? पहिले मेलेलं जनावर ओढून नेणारे, कातडं काढणारे लोक होते, जातीच्या नावावर त्यांच्यावर लादलेलं काम होतं ते, त्यांनी सोडलं हे फार चांगलं केलं. आता जेसीबी बोलवायचा, स्वतःच्या शेतात खड्डा करायचा आणि जेसीबीवाल्याला पैसे मोजायचे. म्हणजे ज्या जनावराचे पंचवीस-तीस हजार येतात त्याच्यासाठी उलटे खिशातून घालायचे.

मामाजींना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त समजते, तरी त्यांनी पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. "तिचं दूध पिऊन माहे नातू मोठे झाले, तिले कापाले देऊ काय मी?" मी उत्तर दिलं नाही. काय देणार, मलाही तेच वाटत होतं. मग एक दिवस ढेपवाल्याची उधारी चुकवायची होती, वही त्यांनीच पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाले, "इकून टाक माय. पन मी बाजारात येत नाही." त्यांच्या हातानं त्यांनी आधीही म्हशी विकल्या आहेत, तेव्हा व्यापारी घरी यायचे, खुट्यावरून सोडून न्यायचे, आणि नेताना ते घरात जाऊन बसायचे. ही सवय आमच्या घरातली जुनी.

कागदाचं काम टॅगपासून सुरू होते. जनावराच्या कानातला तो पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे असतात, तो नसला तर महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही आणि वाहतूकही नाही. आमच्या भुरीचा टॅग कुंपणाच्या तारेत अडकून कान फाटून पडलेला, आणि नोंद मामाजींच्या नावावर, त्यांच्या जुन्या मोबाईल नंबरवर, जो नंबर कधीच बंद झालेला. म्हणजे दवाखान्यात गेलो की ओटीपी त्या बंद नंबरवर, ऑनलाईनवाला म्हणे दवाखान्यात जा, दवाखान्यात नेट नाही, नेट आलं तर डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी. असं करत करत एकदाचं भारत पशुधन या सरकारी ऑनलाईन नोंदीत नाव बदललं, नवा टॅग लागला, नंबर माझा लागला. बायांनो, हे काम म्हैस विकायच्या वेळेवर ठेवू नका, म्हैस दुधावर असतानाच करून घ्या, आणि नंबर जो फोन घरात चालू असतो तोच द्या, पोरानं ऑफर पाहून घेतलेलं सिम देऊ नका.

डॉक्टर टॅग लावत होते तेव्हाच मी त्यांना सरळ विचारलं की ही कापायला जाणार, यात माझ्यावर काही गुन्हा आहे का. चांगला माणूस आहे, नीट समजावून सांगितलं. गाय कापायची बंदी महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यापासूनची, तेव्हा बैल मात्र दाखला घेऊन चालायचे, मार्च 2015 पासून बैल आणि वळू पण बंद झाले. म्हैस त्या बंदीत नाही. म्हैस किंवा तिचं पिल्लू कापायचं तर आधी तपासणी करून दाखला लागते की हे जनावर दुधाला, कामाला, वेताला आता उपयोगाचं नाही आणि पुढेही होण्यासारखं नाही, तो दाखला ज्याला नेमलं आहे तोच अधिकारी देतो. "मी देतो तो तब्येतीचा, की जनावर निरोगी आहे अन प्रवासाले ठीक आहे," ते म्हणाले. आणि त्या कागदावर त्यांनी माझ्या सांगण्याची वाट न पाहता लिहिलं, म्हैस, मादी, पूर्णाथडी, रंग भुरा, टॅग नंबर अमुक. त्या एका ओळीचे उपकार मी विसरणार नाही.

नेमकं आमचं हे सगळं तयार झालं आणि बाजार थंड पडला. 2025 चा जुलै-ऑगस्ट आठवा. जनावर खरेदीचा आणि मटनाचा धंदा करणाऱ्या कुरेशी समाजानं राज्यभर जनावरं घेणं बंद केलं होतं. रस्त्यात गाड्या अडवतात, मारहाण होते, कागद असले तरी जनावरं उतरवून घेतात, म्हशीची गाडी असली तरी सोडत नाहीत, मग आम्ही धंदाच करत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोकांना वाटलं हा त्यांचा प्रश्न. पंधरवडाभरात समजलं की कोणाचा आहे. आमच्याकडे नेहमी येणारे व्यापारी, त्यांना आम्ही चाचा म्हणतो, फोन उचलायचे आणि म्हणायचे, "बेटा अभी नहीं, माल उठाना बंद है." जो भाकड म्हशीला तीस हजार देत होता तो माणूस बाजारातून निघून गेला की उरतो तो बारा हजाराचा भाव सांगणारा. आणि भाकड म्हशीचा भाव पडला की दुधाच्या म्हशीचा पण पडतो हे बरेच जण लक्षात घेत नाहीत. मी ऐंशी हजाराची म्हैस घेते ती का, तर पाच-सहा वेतं दूध देईल आणि शेवटी तीस-पस्तीस हजार परत येतील या हिशोबावर. ते शेवटचे तीस काढून टाका, मग ऐंशीची म्हैस मला पन्नासलाही महाग आहे. तेव्हा गावात दोन जणांनी दुधावरच्या म्हशी विकायला काढल्या, दवाखान्याचा खर्च होता घरात, आणि गिऱ्हाईकच नाही.

ऑगस्टात मुंबईत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांकडे बैठक झाली, गाड्या तपासणं हे पोलिसांचं काम आहे, खाजगी माणसांचं नाही असं सांगितलं गेलं, मग हळूहळू बाजार हलला. पोळा झाल्यावर चाचांचाच फोन आला की घेऊन या, आता घरी येत नाही, बाजारातच घेतो, बाजार समितीची पावती पाहिजे. घरून सोडलेलं जनावर म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे गाडी फसली.

बाजारात मी आणि चुलत दीर गेलो. बाई माणूस म्हशीच्या बाजारात फार दिसत नाही, चहाच्या टपरीवरची एक आणि मी. भाऊजींना वाटत होतं मी गाडीतच बसावं, पण म्हैस माझी, नाव माझं, मी उतरले. हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, आला, त्यानं भुरीच्या पाठीवर बोटं टेकवली, कण्याच्या दोन्ही बाजूंनी दाबत दाबत मागे गेला, शेपटीच्या बुडाशी चिमटीत कातडी धरून पाहिली, तिथं चरबी किती ते कळते म्हणे, मागच्या मांड्या हातानं मापल्या. तोंड उघडून दात पाहिले नाहीत. दुधाची म्हैस घेणारा दात पाहतो, सड पाहतो, वेत विचारतो. हा काहीच विचारत नव्हता, नुसतं वजन मोजत होता. मला तिथं पहिल्यांदा गलबलून आलं. नंतर चाचांनी सांगितलं की जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटन पडते, त्यातलं हाड वेगळं, त्यावरून ते भाव काढतात.

भाव रुमालाखाली. हेड्यानं भाऊजींचा हात रुमालाखाली धरला, बोटं दाबली, भाऊजींनी मान हलवली, परत दाबली. मी म्हटलं, माझ्याशी तोंडानं बोला, किती देता ते सांगा. आजूबाजूचे हसले नाहीत, थोडे गप्प झाले. चाचा पुढे आले आणि म्हणाले, "छब्बीस." मी तीस म्हटलं. अठ्ठावीसवर सुटलं. इसार तिथंच दिला, बाकीचे मोबाईलवर टाकले, मेसेज आल्यावरच दावं सोडलं. मग समितीच्या खिडकीवर सौदा पावती. कारकून नाव, गाव, रक्कम लिहून मोकळा, जनावराच्या जागी नुसतं "1 म्हैस". मी म्हटलं दादा टॅग नंबर टाका. तो म्हणे कायले पाह्यजे. मी म्हटलं टाका, मी सांगते, लिहा. बारा आकडे सांगितले, परत वाचून घेतले. पावतीचा आणि डॉक्टरांच्या कागदाचा फोटो काढला, दाखल्याची मूळ प्रत चाचांना दिली. 

भुरीनं गाडीत चढताना त्रास दिला नाही. हे मला लिहायचं नव्हतं पण आठवते. 

रात्री जेवणं झाल्यावर चाचांचा फोन. गाडी अडवली. मोठ्या रस्त्यावर मोटरसायकली आडव्या घातल्या, दहा-बारा पोरं, ड्रायव्हरला खाली ओढलं, दोन ठेवून दिल्या, आणि एकच धोशा, गाडीत गाय आहे. "बेटा, तुम्हारी म्हैस को गाय बोल रहे," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, आणि मी त्या माणसाला वीस वर्षं हसतानाच पाहिलेलं. पोलिसांची गाडी आली होती हे बरं झालं, सगळे ठाण्यात होते.

मिस्टरांनी मोटरसायकल काढली, मी मागे बसले, मामाजी म्हणाले मीही येतो, त्यांना कसंबसं घरी ठेवलं. ठाण्यासमोर पिकअप उभी. नियमात मालवाहू गाडीत सहाच्या वर मोठी जनावरं नेता येत नाहीत, यात पाचच होती, भुरी मागच्या फळीला, खाली गवत टाकलेलं. आकड्यानं गाडी बरोबर होती. पण संध्याकाळपासून ती जनावरं तिथं उभीच होती, पाणी नाही, आणि एक काळी म्हैस खाली बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. जनावरांवर दया म्हणून ही गाडी अडवली ना? मग एका तरी माणसानं बादली उचलायची होती. मी ठाण्याच्या नळावरून बादली भरली आणि पोलिसाला विचारून पाजत गेले, भुरीनं एका दमात बादली संपवली, दुसरी मागितली. 

एक पोरगा तिथं मोबाईलवर शूटिंग करत होता, माझ्या भाच्याच्या वयाचा असेल. मला म्हणतो, "मावशी, गोमातेले कापाले इकता, लाज नाही वाटत काय?" मी म्हटलं बाळा इकडे ये. त्याला भुरीजवळ नेलं. टॉर्च त्याच्याच मोबाईलचा. म्हटलं गळ्याखाली पाह्य, गायीची पोळी लोंबते, हिची आहे का? शिंगं पाह्य, चपटी आहेत, हात लाव. पाठीवर वशिंड कुठे आहे दाखव. तो शिंगाला हात लावायलाही भीत होता. पूर्णेच्या पट्ट्यापासून तासाभराच्या रस्त्यावर राहणारं पोरगं, त्यानं भुरी म्हैस आयुष्यात पाहिलेली नव्हती. मला त्याचा राग यायच्या ऐवजी त्याला रात्रीचं कोण रस्त्यावर उभं करते त्याचा राग आला.

ठाण्यातले साहेब शांत होते. मी माझ्या फोनमधला पावतीचा फोटो दाखवला, त्यांनी शिपायाला टॉर्च घेऊन पाठवलं, शिपायानं कानातला नंबर एक एक आकडा मोठ्यानं वाचला आणि साहेबांनी पावतीवर बोट फिरवत जुळवला. डॉक्टरांना झोपेतून उठवलं, त्यांनी फोनवरच सांगितलं की ती म्हैस आहे, मीच टॅग लावला, ऑनलाईन नोंद पाहा, तिथं जनावराचा प्रकार लिहिलेला असतो. बाकीच्या चार म्हशींच्या पावत्यांवर नंबर नव्हता. त्यांच्यासाठी उजाडेपर्यंत थांबावं लागलं, मूळ मालकांना फोन, त्यातला एक उचलेना, एक म्हणे मी विकलीच नाही. घाबरून म्हणाला असेल, मी समजू शकते, पण त्याच्या त्या एका वाक्यानं ड्रायव्हर आत जाणार होता. शेवटी सुटली गाडी. ज्यांनी मारलं त्यांच्यावर काय झालं, तर ड्रायव्हरनं तक्रारच दिली नाही, म्हणाला रोज याच रस्त्यानं जायचं आहे मला. मी साक्ष द्यायला तयार होते, आजही आहे.

त्या रात्री ठाण्याच्या ओट्यावर बसून चाचांनी मला पुढचं सगळं सांगितलं, कारण मी विचारलं. आमच्या भागातलं बरंचसं जनावर गावोगावच्या बड्याच्या, म्हणजे म्हशीच्या मटनाच्या, दुकानात जाते, बकऱ्याचं मटन आठशेच्या पुढे गेलं, बडं त्याच्या तिसऱ्या हिश्शातही मिळते, मजुरी करणाऱ्या घरात हप्त्यातून एकदा तेच शिजते, मुसलमानांच्या घरी आणि आपल्याही कितीतरी घरी, फक्त आपल्यात कोणी सांगत नाही. चांगल्या अंगाची म्हैस असली की मोठ्या कारखान्याची मागणी येते, तिथून बाहेर देशात. मी नंतर आकडे पाहिले, 2023-24 मध्ये भारतातून जवळपास 13 लाख टन म्हशीचं मटन बाहेर गेलं, 31 हजार कोटींचं, मलेशिया, व्हिएतनाम, इजिप्त, इराक असल्या देशांत. गायीचं मटन बाहेर पाठवायला बंदीच आहे, म्हशीचं पण हाडासकट नाही, फक्त बिनहाडाचं. यात मला सगळ्यात नवल वाटलं ते कारण ऐकून. आपल्या लाळ्या-खुरकूतामुळे. त्या रोगाचा विषाणू हाडातल्या मगजात आणि गाठींमध्ये टिकून राहतो, म्हणून हाडं आणि गाठी काढतात, मटन थंड खोलीत ठेवतात, त्यात आपोआप आंबटपणा तयार होतो आणि त्यात विषाणू मरतो, मग गोठवून पाठवतात. आणि आपल्या दारात सहा महिन्याला जी लाळ्या-खुरकूताची लस टोचायला येतात, ती मोहीम 2019 ला देशभर सुरू झाली, कानातला टॅग लसीच्या नोंदीसाठीही लागतो. म्हणजे मी गोठ्यात म्हैस धरून उभी राहते त्याचा धागा असा थेट मलेशियाच्या बाजारापर्यंत जातो आणि आपल्याला कोणी हे सांगत नाही, आपल्याला एवढंच सांगतात की लस घ्या.

अजून एक हिशोब. 2019 च्या पशुगणनेत देशात म्हैसवर्ग 10 कोटी 98 लाख, त्यातल्या माद्याच 10 कोटींच्या वर. म्हणजे हले, म्हशीचे नर, एक कोटीही नाहीत. जन्माला तर नर-मादी सारखेच येतात ना? आपल्या चहातलं दूध, लग्नातलं श्रीखंड, दिवाळीचा खवा, या सगळ्याच्या मागे ते न दिसणारे हले आहेत. काही खाटकाकडे जातात, आणि काही, हे मी पाहिलेलं आहे, दूध न पाजता गोठ्याच्या कोपऱ्यात मरू देतात, कारण त्याला पाजलेलं दूध डेअरीत जात नाही. दुसरं मरण मला पहिल्यापेक्षा वाईट वाटते. दूध पिणाऱ्यानं मटन खाणाऱ्याकडे बोट दाखवावं असं काही मला यात दिसत नाही.

बैलाचं तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या काकांचा बैल पायानं अधू झाला, कामाचा नाही, कापायला विकता येत नाही, विकू नये असंच त्यांनाही वाटते, पण पोसायचं कुठून? गोशाळेत नेला तर जागा नाही. सप्टेंबर 2024 मध्ये देशी गायीला राज्यमाता म्हटलं आणि गोशाळेतल्या देशी गायीसाठी दिवसाला 50 रुपये अनुदान ठरलं, चांगलं आहे, पण शेतकऱ्याच्या खुट्यावर जे जनावर म्हातारं होते त्याच्यासाठी काय आहे? मग रात्री कोणीतरी कोणाच्या तरी शिवारात बैल सोडून येतो, आणि आपण हरभऱ्यात जागलीला जातो. पूर्वी म्हाताऱ्या बैलाचे आलेले पैसे घालून नवा गोऱ्हा यायचा. आता गावात बैलजोड्या बोटावर मोजाव्या लागतात, ट्रॅक्टर आले हे मुख्य कारण, पण हे पण एक आहे. ज्याला बैल आवडतो त्यानंच बैल ठेवू नये अशी वेळ आली.

घरी आल्यावर मामाजींनी एवढंच विचारलं की पानी देल्लं होतं काय तिले. मी म्हटलं दोन बादल्या. ते म्हणाले बरं केलं.

अठ्ठावीस हजारात ढेपवाल्याचे फिटले, राहिलेल्यात बचतगटाचं कर्ज घालून एक गाभण वगार आणली, तीही भुरीच, पूर्णेपलीकडच्या गावातून. आता आमच्या गटातल्या बायांनी मिळून ठरवलं आहे की डॉक्टर लसीला आले की त्याच दिवशी सगळ्यांचे टॅग आणि मोबाईल नंबर तपासून घ्यायचे, आणि ज्यांच्या म्हशी भुऱ्या आहेत त्यांनी आरोग्य दाखल्यावर "म्हैस" आणि रंग दोन्ही लिहून घ्यायचं. जनावर विकलं की फोन बंद ठेवायचा नाही, रात्री आला तरी उचलायचा, आणि विकली आहे असं स्पष्ट सांगायचं. आणि बाजार समितीच्या खिडकीवर कारकून टॅग नंबर लिहायचा कंटाळा करतो, मागे लाईन लागलेली असते, लोक ओरडतात, ओरडू द्या, खिडकी सोडू नका, बारा आकडे लिहूनच घ्या आणि तिथल्या तिथं वाचून पाहा.